पाण्यात उतरणारा रस्ता

"आणखी रेट," मामा म्हणाले.

मी बांबू आणखी रेटला. तो आत आत गेला. माझी मूठ चिखलाला टेकली तरी त्याला तळ लागेना. ओढून काढला तर छातीच्या उंचीपर्यंत काळा होऊन वर आला.

"हितं होडी उतरंल," मामा म्हणाले, "पर वर यायची न्हाई. चल."

मामा म्हणजे माझे सासरे, आंबादास. आम्ही जातीचे भोई, धरणाच्या पाण्यावर मासे धरणारे. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. माझा नवरा अंकुश कावीळ होऊन गेला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि पदरात दोन मुली होत्या. अंकुश दुसऱ्याच्या होडीवर जायचा. तो गेल्यावर मामांनी त्या हिवाळ्यात अंगणात बसून एक होडी बांधली. लहानच, दोन माणसांनी चालवायची. शेवटची फळी ठोकून झाली तेव्हा म्हणाले, "ही तुझी. तू वल्हव, मी जाळं टाकीन." आमच्यात बायका नवऱ्याबरोबर पाण्यावर जातात. सासऱ्याबरोबर जाणारी मी पहिलीच असणार होते.

होडी झाली, डांबर लावून वाळली, पण तिला पाण्यात उतरवायची जागा ठरेना. धरणाचं पाणी एका जागी राहत नाही. दिवाळीला ते वस्तीच्या बांधाशी येऊन टेकतं आणि चैत्रापर्यंत अर्धा मैल मागं सरतं. मधे उरतो तो गाळ. म्हणून जागा अशी पाहिजे, की पाणी कुठंही असलं तरी तिथवर पायाखाली घट्ट जमीन लागेल.

शेजारचे गेनूतात्या त्यांची बैलगाडी घेऊन आले होते. गाडीत होडी पालथी घालून आम्ही सकाळपासून काठाकाठानं हिंडत होतो. आधी मासेमारीच्या ठेकेदाराच्या धक्क्यावर गेलो. सिमेंटचा चांगला रुंद उतार होता. पण राखणदार म्हणाला, "होडी हितंच बांधायची, मासळी हितंच घालायची. दुसरीकडं एक काटा गेला तर साखळी लावीन."

"हा धक्का सरकारी हाय ना?" मामांनी विचारलं.

"हुता," तो म्हणाला.

तिथून उसाच्या फडांकडं गेलो, तर पाण्यापर्यंत मोटारींचे पाइप पसरलेले. त्याच्या पुढं गेलो आणि हा गाळ लागला.

गाडीत बसता बसता मी म्हटलं, "मग जुना रस्ताच राहिला की."

"मी सकाळपास्नं त्येच म्हणतोय," गेनूतात्या म्हणाले. "निमखेडचा रस्ता. सरकारी हाय, कुणाच्या बापाचा न्हाई. सरळ पाण्यात जातो. पाणी मागं गेलं तरी रस्ता काय मागं जाणार न्हाई."

"तिथं नगं," मामा म्हणाले.

"का?"

"रस्ता हाय त्यो."

"म्हणूनच तर."

"रस्ता माणसांनी चालायला असतो. होडी लावायला न्हाई."

मामा असं तोडून कधी बोलायचे नाहीत. पण गेनूतात्यांनी बैलांना वळवलं ते निमखेडच्या अंगालाच, आणि मामांनीही त्यांना अडवलं नाही.

हमरस्ता सोडला की दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी लागतात. त्यांच्यामधून तो रस्ता जातो. डांबर कधीच उडून गेलेलं, पण खालची खडी जागच्या जागी. हलका हलका उतार. रस्ता पाण्याशी येतो आणि थांबत नाही, तसाच आत जातो. गाव बुडालं, लोक उठले, ही बातमी त्याला कुणी सांगितलीच नव्हती जणू.

फाल्गुन सरत आला होता. वारा नव्हता. पाण्यावर ऊन धुरासारखं बसलं होतं, आणि पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, काही कळत नव्हतं. लांब उथळात परदेशी पाखरं एका पायावर उभी होती. त्यांचा गुलाबी रंग खाली पाण्यात उतरला होता. एवढी शांतता की बैलांचा श्वास ऐकू यायचा.

मामा शेवटच्या बाभळीपाशी थांबले आणि पाण्याकडं पाठ करून बसले. गेनूतात्यांनी गाडी सोडली, बैलांना चारा टाकला आणि भाकरी खायला लांबच्या सावलीत गेले. मी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि रस्त्यानं चालू लागले.

पाणी वरून कोमट होतं, घोट्याशी गार. पायाखाली गाळ नाही, शेवाळ नाही. खडीचा कोपरा न् कोपरा तळव्याला लागत होता. गुडघ्याइतकं पाणी झालं तरी रस्ता तसाच. मांडीइतकं झालं तरी तसाच. खाली बघितलं तर दोन्ही कडांना लावलेले दगड दिसायचे, ओळीनं, पुढं पुढं हिरव्या उजेडात विरत गेलेले. मी बांबू वरच सोडून आले होते. तो लागतच नव्हता.

कमरेइतक्या पाण्यात मला काय झालं कोण जाणे, मागं फिरावं असं वाटेना. वाटलं, असंच चालत राहिलं तर पुढं चावडी लागेल, बाजारतळ लागेल, ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी विचारेल, कुणाची गं तू? मी नाव सांगेन आणि ती म्हणेल, जा, घरीच आहेत सगळी. अंकुशही असेल तिथं कुठंतरी, जाळं विणत. हे सगळं मला खरंच वाटत होतं. उन्हानं म्हणा, दोन वर्षांच्या शिणानं म्हणा.

"सोजर!"

मामांची हाक ऐकली मी. पण ओ दिली नाही. आणखी दोन पावलं टाकायची होती.

"सोजर! ओ दे! अगं ओ दे!"

आवाज फाटला तशी मी वळले. मामा रस्त्यावर आले होते. पाण्याच्या कडेला उभे होते आणि थरथरत होते. पासष्टीकडं झुकलेला माणूस, धरणाच्या वादळात होडी सांभाळलेला, आणि असा थरथरताना मी कधी बघितला नव्हता.

मी घाईनं माघारी आले. "अहो मामा, कमरेइतकंच तर पाणी. काय झालं?"

"ओ का दिली न्हाईस?"

"दिली असती की."

ते मटकन खाली बसले. मीही ओल्या लुगड्यानं शेजारी बसले. बराच वेळ ते रस्त्यावरची खडी बोटांनी चाचपत राहिले.

"ही खडी मी फोडलीया," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात. मी आन् भामानं. ह्या कडंला ती, त्या कडंला मी."

भामा म्हणजे माझी सासू. अंकुश सहा वर्षांचा असताना ती साप चावून गेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तिचा फोटो नव्हता.

"ती हितनंच गेली," मामा म्हणाले.

"साप इथं चावला होता?"

"साप कुठला गं."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते.

"धरण व्हायचं ठरलं तवा आमाला जमिनी दिल्या. लांब, सत्तर किलोमीटरवर, माळाला. भामा म्हणाली, चला. मी म्हटलं, नदी सोडून भोई जगंल का? लई भांडलो. शेवटाला ती म्हणाली, मी म्होरं जाते, छप्पर घालते, तू आठ दिसांत पोराला घिऊन ये. शेवटच्या यष्टीनं गेली. पोरगं खिडकीला हात लावत पळत गेलं हितपर्यंत. मी गेलोच न्हाई मागनं."

"मग?"

"दिवाळीला आली. तवर गाव पाण्याखाली. आमी वर कुठं ऱ्हायलोय तिला ठावं न्हवतं. ती हितं हुबी राहिली, ह्याच जागंला, आन् हाका मारायला लागली. अंकुश, अंकुश. मी पाण्यावर हुतो. होडी न्हवती तवा, गूळ कढवायच्या थोरल्या काहिलीत बसून जाळी लावायचो. पोरगं माझ्याफुडं बसल्यालं. पाण्यावरनं आवाज लई लांब येतो, सोजर. पोरगं म्हणलं, आबा, मला कोण हाक मारतंय? मी म्हणलं, पाखरू हाय."

लग्नानंतर एकदा अंकुश मला म्हणाला होता, लहानपणी या पाण्यावर एक पाखरू होतं, ते माझं नाव घ्यायचं. मी हसले होते. तोही हसला होता.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काहील पलीकडं वळवली. झाडाच्या शेंड्यांआड." मामा थांबले. मग घाईघाईनं बोलले, जसं काही गिळून टाकायचं होतं. "म्हयन्यानं तिचा भाऊ शोधत आला. त्याला सांगितलं, पोरगं तापानं गेलं. गावातच माती दिली, आता त्यावर पाणी हाय. तो रडत माघारी गेला. पोराला नेलं असतं तर मी एकटा काय करणार हुतो?"

"आणि अंकुशला सांगितलंत, आई सापानं गेली."

"व्हय."

म्हणजे आईसाठी लेक मेला, लेकासाठी आई मेली, आणि दोघंही चांगली जिवंत. मी उठून उभी राहिले. मला त्यांना मारावंसं वाटत होतं. माझे हातही उचलले गेले असतील, मला आठवत नाही.

"अंकुश गेला तेव्हा तरी कळवायचं होतं, मामा! तेव्हा तरी!"

"काय कळवू? मेल्यालं पोरगं आता मेलं म्हणून?"

पाखरं उडाली, थोडी पलीकडं जाऊन बसली. पाणी हललंसुद्धा नाही.

"त्या आहेत का अजून?"

"हाय म्हणत्यात. नव्या निमखेडात. भावाशेजारी."

गेनूतात्या तोंड पुसत आले. "काय ठरलं? काढायची का होडी?"

"जागा हीच," मी म्हटलं. "पण आज नाही, तात्या. होडी इथंच बाभळीखाली उतरवून ठेवा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी दोन्ही मुलींना घेऊन निघाले. मामांना काही सांगितलं नाही. मी दारातून निघताना ते फक्त म्हणाले, "पोरींच्या डोक्याला टावेल बांध, तिकडं ऊन लई."

नवं निमखेड म्हणजे उघड्या माळावर सारख्या अंतरानं बांधलेली घरं. पाण्याचं नाव नाही. एका पोरानं बोट करून घर दाखवलं. दारात एक उंच, वाळकी बाई मेथी निवडत बसली होती. पांढरे केस, हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मोठ्या मुलीकडं, रेश्माकडं बघत राहिली. रेश्माचं कपाळ आणि भुवया बापाच्या होत्या.

"कुणाची गं ही?"

"अंकुशची," मी म्हटलं.

"कुठल्या अंकुशची?"

"तुमच्या."

त्यांचे हात थांबले नाहीत. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाटेत सत्तर किलोमीटर जुळवलेलं सगळं बोलणं पाच-सहा वाक्यांत संपलं. त्या निवडत राहिल्या. मग माझ्या ध्यानात आलं, की निवडलेली पानं आणि काड्या त्या परत एकत्र करत होत्या.

"कितीचा हुता?" त्यांनी विचारलं.

"तिशीला आला होता, आत्या."

"तीस." त्यांनी तो आकडा तोंडात घोळवला. "माझ्याकडं सहाचाच हाय त्यो."

धाकटी शीतल तोवर त्यांच्या मांडीला रेलून मेथीचं पान चघळायला लागली होती. आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. मग एकेक विचारत गेल्या. पोहायला यायचं का त्याला? झोपेत दात खायचा का? रागीट होता का? तुला मारायचा का? मी सांगत गेले. दुपार कलली, शेजारणी आल्या, गेल्या. आत्या रडल्या नाहीत. सव्वीस वर्षांपूर्वी सगळं रडून झालं होतं, आता नव्यानं कुठून आणायचं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी म्हटलं, "आत्या, होडी बांधलीय. जुन्या रस्त्यावरून उतरवणार आहे. तुम्ही नारळ फोडला तर उतरवीन. नाही तर नाही."

"त्यो हाय का अजून, रस्ता?"

"आहे. पाण्यात जातो, पण आहे."

सकाळी मी उठले तेव्हा त्या गाठोडं बांधून उंबऱ्यात बसल्या होत्या.

फाट्यावर उतरलो तेव्हा दुपार होती. त्याच धुरकट उन्हात सगळं तरंगत होतं. आत्या चपला हातात घेऊन अनवाणी चालत निघाल्या. मधेच वाकून एक खडा चाचपायच्या आणि पुढं जायच्या. बाभळीपाशी मामा उभे होते. कालपासून ते तिथंच, होडीशेजारी बसून होते असं गेनूतात्या मागून म्हणाले. आत्यांना बघताच त्यांनी डोईची टोपी काढली. आत्या त्यांच्याजवळून गेल्या, एखाद्या झाडाजवळून जावं तशा.

पाण्याच्या कडेला, बरोबर त्या जागेवर, त्या थांबल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. होडीला हळद-कुंकू लावलं, नारळ रस्त्यावर आपटून फोडला. भाकरी घेऊन आलेले गेनूतात्या, मामा आणि मी मिळून होडी ढकलली. रेटावी लागलीच नाही. खडीवर दोन हात खरखरली, आणि मग आवाजच बंद झाला. पाण्यानं ती अलगद उचलली होती.

आत्या मधल्या फळीवर बसल्या. दोन्ही बाजूंना दोन नाती. मी मागं वल्हं घेऊन. मामा गुडघाभर पाण्यात होडीचा काठ धरून उभे होते.

"बसू का?" त्यांनी विचारलं. मला की आत्यांना, कळलं नाही.

आत्या समोर पाण्याकडं बघत मला म्हणाल्या, "त्याला म्हणावं, चालत ये. रस्ता त्यानंच घातलाय."

मी वल्हं मारलं. मामा चालू लागले. एक हात होडीच्या काठावर, नजर खाली. पाणी मांडीला आलं, कमरेला आलं. खालचा रस्ता हिरवा, स्वच्छ दिसत होता आणि त्यावर त्यांची पावलं पडत होती, हळूहळू, जशी स्वप्नात पडतात. शीतल वाकून विचारायला लागली, "आबा कुठं चाललेत?" रेश्मानं तिला गप्प केलं. छातीला पाणी आलं. मी वल्हं सावकाश केलं. मामांनी वर बघितलं नाही. जन्मभर पोहलेला माणूस, एक हात मारला असता तर तरंगला असता, पण त्यांनी हात मारला नाही. ते चालतच राहिले. खांदे गेले. पाणी हनुवटीला लागलं, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

आत्या आता त्यांच्याकडं बघत होत्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि अगदी वरून. मी वल्हं उचलून धरलं. पाण्याचे थेंब पडत होते तेवढाच आवाज.

"घे गं त्याला वर," आत्या म्हणाल्या.

मी आणि रेश्मानं काखेत हात घालून त्यांना ओढलं. होडी पार कलली, थोडं पाणी आत आलं, मग सरळ झाली. मामा तळाशी पडून धापा टाकत होते. आत्यांनी पाय उचलून फळीवर घेतले आणि त्यांना पडायला जागा करून दिली.

त्या परत माळावर गेल्या नाहीत. मामा पुढं नऊ वर्षं जगले, आणि त्या नऊ वर्षांत आत्या त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते मला सांगायच्या, नाही तर पोरींना. पण आम्ही पाण्यावर निघायच्या आधी उंबऱ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी असायच्या. दोन फडकी. एक माझं, एक मामांचं.